कलिंगडावरची खडूची फुली

कारखान्यातून निवृत्त झाली त्या दिवशी खडूबाईला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. मॅनेजरने दोन गोड शब्द बोलून ते तिच्या हातात दिलं, मशीनवरच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि खडूबाईने आधी काय केलं, तर घड्याळ उलटं केलं. मागचा एक स्क्रू ढिला होता. तो अंगठ्याने हलवून तिने मॅनेजरला दाखवला आणि विचारलं, "हे पास कुणी केलं?" टाळ्या आपोआप थांबल्या. तिचं निरोपाचं भाषण म्हणावं तर एवढंच.

तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. कारखाना शर्टांचा, आणि ती बसायची शेवटच्या टेबलावर. शिवून, इस्त्री होऊन आलेला प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा. कॉलरची दोन्ही टोकं सारखी आहेत का, काजं नीट भरलीत का, खिशाचे पट्टे अंगाच्या पट्ट्यांना मिळतात का, हे ती बघायची, आणि खोट सापडली की तिथे निळ्या खडूने फुली मारायची. शर्ट निर्दोष असला तर काहीच बोलायची नाही. तो मुकाट्याने डावीकडे सरकवायचा. चांगल्याला चांगलं म्हणायचा पगार तिला कुणी देत नव्हतं, आणि फुकट काही करावं असा तिचा स्वभाव नव्हता.

फुलीचा माल बाजारात जात नसे. तो कामगारांनी हवा तर घरी न्यावा, असा कारखान्याचा नियम होता. त्यामुळे अर्ध्या गल्लीच्या अंगावर खडूबाईने नाकारलेले शर्ट असायचे, आणि ती ते लांबून ओळखायची. समोरून न्हावी आला की ती बहिणीच्या कानात म्हणायची, "डावी बाही आखूड आहे. आणि ऐट बघ." न्हावी बिचारा नमस्कार करून पुढे जायचा. त्याला वाटायचं, बाई आपल्याकडे बघून काहीतरी कौतुकाचं बोलल्या.

नोकरी सुटली तरी खडू सुटला नाही. तो तिच्या खिशात असायचाच, आणि कारखान्यातली नजर तर घरभर फिरायची. दूधवाल्याचं माप तिरकं, शेजारणीची मुलगी फेंगडी, डॉक्टरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दरवाजा रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला तिने इतके ओघळ दाखवले, की तो ब्रश बादलीत टाकून जो गेला तो परत आलाच नाही. दरवाजा अजून अर्धा हिरवा आणि अर्धा करडा आहे. त्याबद्दल विचारलं तर ती सांगते, अर्धं काम करून पळणाऱ्यांची जातच तशी.

घरात ती आणि धाकटी बहीण, दोघीच. आईवडील गेल्याला बरीच वर्षं झाली. धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. दिवसभर लोकांचे खोकले आणि तक्रारी ऐकून घरी यायची, आणि चहाचा कप हातात घेतला की ताईचं सुरू व्हायचं. दिवसभरात कुणात काय खोट दिसली त्याचा सगळा हिशेब ती धाकटीपुढे मांडायची. धाकटी हूं हूं करत ऐकायची. तिला सगळंच चालायचं. करपलेलं चालायचं, थंड झालेलं चालायचं, बसायला मोडकी खुर्चीही चालायची. खडूबाईच्या मते माणसात ह्याहून मोठी खोट असू शकत नाही.

धाकटीच्या लग्नाचं ताईने पाहिलं नाही असं मात्र कुणी म्हणू नये. तिने फार नीट पाहिलं. एकाच्या बुटाची टाच एकाच बाजूने झिजली होती, म्हणजे चालण्यात काहीतरी होतं. दुसरा स्वतःच्याच विनोदाला आधी हसायचा. तिसऱ्यात काहीच सापडेना, तेव्हा ती म्हणाली, "इतका सरळ माणूस? काहीतरी लपवतोय." असं करता करता धाकटी पन्नाशीला टेकली. ती एका शब्दाने बोलली नाही, आणि खडूबाईने त्याचा अर्थ असा लावला, की आपलं बरोबरच होतं.

आता कलिंगडाचं कसं झालं ते सांगतो. भिंतीपलीकडे एक निवृत्त कंडक्टर राहतो. आयुष्यभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका सांगून हा गृहस्थ स्वतः मात्र होता तिथेच राहिला, असं खडूबाईचं त्याच्याबद्दल मत. त्याने मागच्या उन्हाळ्यात परसात कलिंगडाचा वेल लावला आणि त्याला एक फळ धरलं. ते काखेत घेऊन तो गल्लीभर हिंडला. बारशाला निघाल्यासारखा त्याचा थाट होता. भिंतीवरून त्याने ते खडूबाईलाही दाखवलं.

"हे काय आहे?" खडूबाईने विचारलं.

"कलिंगड आहे, बाई. घरचं."

"कलिंगड? मला वाटलं पेरू सुजलाय."

कंडक्टरचा चेहरा पडला. पण त्यानेही जन्मभर सुट्ट्या पैशांवरून भांडणं केली होती. तो म्हणाला, "मग तुम्ही लावून दाखवा की."

एवढंच निमित्त. कलिंगड खायची आवड तिला अजिबात नव्हती. पण कंडक्टरसारखा माणूस जे करू शकतो ते आपण त्याच्यापेक्षा शंभरपट नीट करू शकतो, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणजे ह्या वेलाचं मूळ मातीत नव्हतंच, ते ह्या बाईच्या नाकात होतं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक अरुंद पट्टा आहे, कपडे वाळत घालायचा. तिथे दिवसभर ऊन असतं. खडूबाईने दोरी काढली, माती उकरली, चाळली, हो, चक्क पिठाच्या चाळणीने चाळली, आणि खत मिसळून तिचे उंचवटे केले. बियांचं पाकीट आणलं ते धाकटीने. त्यावर लालभडक कापलेल्या कलिंगडाचं चित्र होतं आणि छपाईत तो लाल रंग रेषेबाहेर सांडला होता. खडूबाईने बिया ताटलीत ओतल्या आणि पाकीट चुरगळून केराच्या टोपलीत टाकलं.

"अगं, मागे माहिती लिहिलेली असते," धाकटी म्हणाली.

"ज्यांना रंग रेषेत भरता येत नाही ते मला काय शिकवणार."

ताटलीतल्या बियाही तिने निवडल्या. बारक्या, चपट्या, कडेला चिरलेल्या सगळ्या बाजूला काढल्या. उरलेल्या रुजल्या. आता ह्यात तिचं कर्तृत्व काही नव्हतं. बी रुजतंच. पण तिने भिंतीकडे असं पाहिलं, जणू कंडक्टरच्या बिया कधी रुजल्याच नव्हत्या.

वेल पसरला. त्याला पसरण्याची काही शिस्त नव्हती, हे तिला पहिल्या दिवसापासून खटकलं. कुठेही वळायचा, टाकीवर चढायचा, मोरीत उतरायचा. ती त्याला रोज सरळ करायची आणि तो रात्रीतून वाकडा व्हायचा. मग पिवळी फुलं आली, पण फळ धरेना. ह्या गल्लीत मधमाश्या फिरकत नव्हत्या. कंडक्टरने भिंतीवरून धाकटीला सांगितलं, की सकाळी लवकर नराचं फूल तोडायचं आणि मादीच्या फुलावर हलकेच टेकवायचं. मादीच्या फुलामागे गोटीएवढं हिरवं फळ आधीच असतं, ते ओळखायचं. धाकटी कामावर जायच्या आधी परसात उकिडवी बसून हे करायला लागली. एका हाताने पान बाजूला धरायचं, दुसऱ्या हाताने फूल फुलाला लावायचं, आणि मनाशीच काहीतरी गुणगुणायचं. खडूबाई दारातून बघायची आणि तोंड फिरवायची.

"सकाळी सकाळी हे काय चाळे," ती म्हणायची. "ह्या वयात."

धाकटी हसायची. तिला तेही चालायचं.

फळं धरली. चांगली सात-आठ धरली. कंडक्टरकडे एकच होतं, तेव्हा खडूबाईने तिथेच हात झटकले असते तरी ती जिंकली होती. पण चाखून खाणाऱ्याची जीभ वेगळी आणि खोट शोधणाऱ्याचा डोळा वेगळा, आणि हिच्याकडे होता फक्त डोळा. लिंबाएवढी झाली तेव्हाच तिने एकेक फळ तपासायला घेतलं. एक एका बाजूने फुगलं होतं. तोडलं. एकाच्या सालीवर मांजराची नखं ओढली गेली होती. तोडलं. एकाचा देठ तिरका होता. तोडलं. नारळाएवढं झालेलं एक फार सुरेख होतं, ते तिने चष्मा लावून फिरवून फिरवून पाहिलं, आणि तिला दिसलं की वरून आलेले गडद पट्टे आणि खालून आलेले पट्टे मधोमध एकमेकांना मिळत नाहीत. पट्टेरी शर्टाचा खिसा असा लावला असता तर तिने तो शर्ट कारागिराच्या तोंडावर फेकला असता.

"ताई, हे राहू दे," धाकटी म्हणाली. "आतून गोडच असणार."

"पट्टे बघ."

"पट्टे कोण खातंय?"

"तुला सगळंच चालतं," खडूबाई म्हणाली आणि कात्री चालवली. धाकटीने ते फळ उचलून पदराआड धरलं, मग खाली ठेवलं आणि कामावर गेली.

अशी ती सगळी गेली. भिंतीपलीकडून कंडक्टर विचारायचा, "किती झाली, बाई?" आणि खडूबाई उत्तर द्यायची, "माझ्याकडे आकड्याला किंमत नाही." शेवटी वेलावर तिला काहीच उरलेलं दिसेना, तेव्हा तिने अख्खा वेलच खराब ठरवला. बियाणंच भिकार, माती भिकार, धाकटीने हात लावला तिथेच सगळं बिघडलं. त्यानंतर ती परसात फिरकली नाही. वेल वाळू दे म्हणाली.

उन्हाळा वाढत गेला आणि एके संध्याकाळी धाकटी कामावरून आली ती चहा न घेताच दारात उभी राहिली.

"ताई, एक सांगायचंय."

"मग सांग की. चौकट कशाला धरून ठेवलीयेस, पडणार आहे का ती?"

"आमच्या दुकानासमोर ते किल्लीवाले आहेत ना."

खडूबाईने त्याला पाहिलं होतं. टपरीत बसून कानशीने किल्ल्या घासणारा, टक्कल पडलेला, बायको वारलेला माणूस. त्याची पाटी वाकडी लावलेली होती. तिला पुढचं सगळं एका क्षणात कळलं आणि कपाळाला आठ्या पडल्या. पण तिने तोंड उघडायच्या आधीच धाकटी बोलली, आणि इतकं सलग ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"या वेळी मी विचारत नाहीये. आमचं ठरलंय. त्यांची खोली अगदीच लहान आहे, म्हणून ते इकडे राहायला तयार आहेत. आपण तिघं राहू. मला हे घर सोडायचं नाहीये, तुला एकटीला टाकून तर मुळीच नाही. पण रोज उठून त्यांची खोट काढलेली मी ऐकणार नाही. रविवारी ते जेवायला येतील. तू त्यांना एकदा, फक्त एकदा, बरं म्हण. त्यांचं काहीही असू दे, एखादी गोष्ट बरी आहे म्हण. नाही जमलं तर मी त्यांच्याकडे जाईन, ताई."

"हे तुला त्याने शिकवलं?"

"नाही. हे माझं मलाच सुचलं."

खडूबाईने चेहरा हलू दिला नाही. ही जाईल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. टेबल जसं जागेवरून उठून जात नाही, तशी धाकटी. ती गेली तर संध्याकाळी कपासमोर कोण बसणार? दिवसभर जमवलेला खोटींचा हिशेब कुणाला सांगणार? ऐकायला कुणी नसेल तर न्हाव्याची बाही आखूड आहे हे बघून तरी काय उपयोग? खडूबाईला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून राग आला. तो तिने किल्लीवाल्याच्या नावावर जमा केला.

तरी तिने प्रयत्न केला, हे सांगायलाच हवं. एक शब्द तर बोलायचा. भांडी घासता घासता तिने तो पुटपुटून पाहिला. "बरं आहे. बरं आहे." तोंडात मोठी गोळी अडकावी तसा तो शब्द अडकायचा. मग तिने ठरवलं, की जेवताना कशाच्या तरी निमित्ताने तो उरकून टाकू, म्हणजे कटकट मिटेल.

रविवारी किल्लीवाला आला. अंगावर इस्त्रीचा क्रीम रंगाचा शर्ट, नखांत लोखंडाचा काळा कीस, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. मागच्या दाराची कडी अडकते असं धाकटीने त्याला सांगितलं होतं, म्हणून भेट काय आणली, तर नवी कडी आणि खिळे. पिशवीतून काढून त्याने ती टेबलावर ठेवली.

खडूबाईच्या मनात फुल्या पडायला लागल्या. चालताना डावा खांदा खाली. घास घेताना डोळे मिटतो. पाणी पिताना घोटाचा आवाज. जेवण छान झालंय म्हणाला, आणि भाजीत मीठ कमी होतं, म्हणजे एकतर हा खोटारडा किंवा ह्याला चव नाही. पण ती मूग गिळून गप्प बसली. धाकटी तिच्याकडे बघत होती. खडूबाईने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात घास घातला.

जेवण झालं आणि किल्लीवाला कडी बसवायला उठला. त्याने जुनी कडी काढली, नवी ठोकली, दार लावून उघडून दाखवलं. आवाज न करता लागलं. इथे म्हणता आलं असतं. कडी बरी आहे, एवढंच. खडूबाईने कडीवरून बोट फिरवलं आणि तिला एक खिळा किंचित वर राहिलेला लागला. शब्द परत खाली गेला.

तेव्हा धाकटीच म्हणाली, "ताई, चल, तुला काहीतरी दाखवायचंय." आणि तिने दोघांना परसात, टाकीच्या मागे नेलं. तिथे वाळलेल्या पानांचा ढीग होता. तो तिने हातांनी बाजूला केला.

खाली कलिंगड होतं. भलंमोठं, गोल, घागरीएवढं. कात्री चालू झाली तेव्हाच धाकटीने ते पानांखाली दडवलं होतं आणि रोज पहाटे ताई उठायच्या आत त्याला पाणी घातलं होतं. किल्लीवाल्याने ओल्या फडक्याने ते पुसलं. खडूबाईने चष्मा लावला. चोहोबाजूंनी फिरून पाहिलं. कुठे ओरखडा नाही, चपटेपणा नाही, देठ सरळ. पट्टे वरून खालपर्यंत एका रेषेत उतरलेले, जसा एखादा चांगला कारागीर खिसा लावतो. ती वाकली, बोट फिरवलं, पुन्हा पाहिलं. तिला काही सापडेना. आणि काय सांगावं, तिला बरं वाटलं. भिंतीपलीकडचा पेरू आठवला आणि अजूनच बरं वाटलं. शब्द खरोखरच ओठापर्यंत आला. धाकटीने तो येताना पाहिला.

त्याच वेळी किल्लीवाल्याने दोन्ही हातांनी कलिंगड अलगद कलंडवलं.

खालच्या अंगाला, जमिनीला टेकायचं तिथे, मोठा पिवळा डाग होता.

"झालं," किल्लीवाला खूश होऊन म्हणाला. "पूर्ण पिकलंय. आजच काढू."

"डाग आहे," खडूबाई म्हणाली.

"डागच हवा, ताई. जमिनीला टेकतं तिथे ऊन लागत नाही. पांढरं असलं तर कच्चं. असं पिवळंधमक झालं की समजायचं, आत साखर उतरली. हे बघा, देठाजवळची ही वेलाची तारही सुकलीय."

त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं. पण त्याने सांगितलं, हेच मुळी तिला सहन झालं नाही. वाकड्या पाटीचा माणूस तिच्या परसात उभा राहून तिला डाग म्हणजे गुण असं शिकवत होता. उभ्या आयुष्यात तिने डागाला डावीकडे सरकवलं नव्हतं. हात आपोआप खिशात गेला. साल गुळगुळीत, म्हणून खडू दाबून ओढावा लागला. पिवळ्या डागावर ठसठशीत निळी फुली उमटली.

"ताई," धाकटी म्हणाली.

"सडायला लागलंय ते. आणि तुमच्यात डागाला पिकणं म्हणत असतील, तर म्हणा." एकदा सुटल्यावर खडूबाईला थांबता येईना. "तुमचा खांदा पडलाय, खिळा वर राहिलाय, भाजी अळणी असताना छान म्हणालात. आणि शर्टाचं ते तिसरं बटण बघा, क्रीम शर्टाला पांढऱ्या दोऱ्याने लावलंय. टाकेसुद्धा तिरके. कुण्या आंधळ्याने लावलं ते?"

किल्लीवाल्याने खाली बटणाकडे पाहिलं.

"ते मी लावलं, ताई," धाकटी म्हणाली. "दुकानात, दुपारी. पांढराच दोरा होता."

ओठावरचा तो शब्द खडूबाईने शोधून पाहिला, पण तो आता तिथे नव्हता. धाकटी रडली नाही, चिडली नाही. ती आत गेली, आणि कपाटाची दारं उघडल्याचा, मिटल्याचा आवाज येत राहिला. किल्लीवाला परसात अवघडून उभा होता. वर राहिलेला खिळा त्याने तेवढ्यात ठोकून बसवला. खडूबाई टाकीला टेकून उभी राहिली. आत जावं, हाताला धरावं, एवढं तिला कळत होतं, पण पाय उचलला नाही.

धाकटी बॅग घेऊन बाहेर आली. वाकून तिने कात्रीने देठ कापला आणि कलिंगड कमरेवर घेतलं.

"फुलीचा माल कामगारांनी घरी न्यावा, असा तुमच्या कारखान्याचा नियम होता ना?" ती म्हणाली. "मग हे मी नेते. आणि ह्यांनाही नेते."

बॅग किल्लीवाल्याने घेतली. मागचं दार नव्या कडीने आवाज न करता लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंडक्टर पुढच्या दाराने आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "तुमच्या बहिणीकडे गेलो होतो, बोलावलं होतं त्यांनी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी पाठवलंय." आणि कधी नव्हे तो एकही टोमणा न मारता निघून गेला. खडूबाईला तेच जास्त लागलं.

कागदात अर्धं कलिंगड होतं. लाल. पाकिटावरच्या चित्रापेक्षा लाल, आणि रंग रेषेबाहेर कुठेही न गेलेला. सालीवर खडूची अर्धी फुली तशीच होती, कुणी पुसली नव्हती.

तिने ते परसदारी नेलं, पायरीवर बसली आणि चमच्याने पहिला घास घेतला. मग दुसरा. पाणचट आहे का बघत होती. नव्हतं. कुठे पोकळ आहे का, मधोमध पांढरा दोर आहे का, कडेला आंबट लागतं का, सगळीकडे चमचा घालून झाला. रस कोपरापर्यंत ओघळला. घड्याळ आत भिंतीवर ढिल्या स्क्रूसकट टिकटिकत होतं. साल पांढरी लागेपर्यंत तिने ते खाल्लं आणि तेव्हा कुठे तिला हवं ते सापडलं.

"बिया फार आहेत," ती मोठ्याने म्हणाली.

भिंतीपलीकडे कंडक्टर झाडांना पाणी घालत होता. त्याने डोकं वर काढलं. "काही म्हणालात का, बाई?"

"तुम्हाला नाही म्हटलं."

कंडक्टरने तिच्या मागच्या रिकाम्या स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मग कुणाला?" त्याने विचारलं.

खडूबाईने चमचा सालीत ठेवला, आणि साल उचलून ती आत गेली.